जुलैत मॉरिशस : आधी किनारा ठरवा, मग हॉटेल

प्रश्न : जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, आठ दिवस मॉरिशसला जाणार आहोत. पूर्व किनाऱ्यावर एक मोठं हॉटेल जवळजवळ निम्म्या दरात मिळतंय. घ्यावं का? गाडी भाड्याने घ्यावी की टॅक्सी करावी? सासू-सासरे पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांची आबाळ होणार नाही ना?

उत्तर :

ते हॉटेल घेऊ नका. हॉटेल चांगलंच असेल, दरही खरा असेल. पण जुलैत पूर्व किनारा स्वस्त होतो त्याला कारण आहे, आणि ते कारण तुमच्या सासूबाईंना पहिल्याच संध्याकाळी कळेल.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २० अंशांवर आहे. आपल्याकडे पावसाळा तेव्हा तिथे हिवाळा. हिवाळा म्हणजे किनाऱ्यावर दिवसा चोवीस-पंचवीस अंश आणि रात्री सतरा-अठरा, त्यामुळे आकडे वाचून माणूस निर्धास्त होतो. आकड्यांत वारा दिसत नाही. या दिवसांत आग्नेयेकडून व्यापारी वारे सलग वाहतात आणि जुलै-ऑगस्टात ते सगळ्यात जोरात असतात. बेल मार, पालमार, त्रू द'ओ दूस ही पूर्वेची गावं थेट त्यांच्या तोंडावर आहेत. तिथून ढग मधल्या पठारावर चढतात, तिथे मोकळे होतात आणि पश्चिमेला उतरेपर्यंत कोरडे झालेले असतात. आपल्या घाटमाथ्याचंच गणित, फक्त दिशा उलटी. वर्षाचा पाऊस पाहा : आग्नेय किनाऱ्यावर सुमारे १५०० मिलिमीटर, पठारावर ४००० पर्यंत आणि पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९००. आणि हे सगळं जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद अशा बेटावर.

मी सतरा वर्षं लोकांच्या मॉरिशसच्या सहली आखतोय. पहिला गट नेला तो ऑगस्टात आणि पूर्वेलाच, कारण तेव्हा मीही दर बघूनच हॉटेल घेतलं होतं. समोर निळाशार समुद्र, पांढरी वाळू, फोटो अप्रतिम. पण वाळू पोटऱ्यांना टोचत होती, छत्र्या मिटून बांधून ठेवलेल्या होत्या आणि गटातल्या एक मावशी शाल डोक्यावरून घेऊन काचेच्या आड बसून समुद्र बघत होत्या. पाच दिवस. शेवटी त्या म्हणाल्या, "समुद्र छान आहे हो, पण त्याच्या घरी कोणी बोलावत नाही." तेव्हापासून मी आधी महिना विचारतो, मग किनारा सांगतो आणि हॉटेल सगळ्यात शेवटी बघतो. जानेवारी-फेब्रुवारीत विचारलं असतंत तर मी स्वतःच तुम्हाला पूर्वेला पाठवलं असतं. उकाड्यात तोच वारा सुखाचा असतो. (अर्थात ते दिवस चक्रीवादळांचे. तिथे क्लास १ ते ४ अशा इशाऱ्यांची पद्धत आहे आणि इशारा वाढला की शाळा-दुकानं-बस सगळं बंद होतं. जुलैत ती काळजी नाही.)

मग राहायचं कुठे? जुलैसाठी दोनच पट्टे : वायव्येचा, म्हणजे त्रू ओ बिश, मों श्वाझी, ग्रां बे; किंवा पश्चिमेचा फ्लिक आँ फ्लाक. तुमच्यासाठी मी फ्लिक आँ फ्लाक म्हणेन. किनारा लांब आणि आडोशाचा आहे, मागे फिलाओची, म्हणजे सुरूची झाडं आहेत, गाव चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि दुकानं-खानावळी आहेत. मुख्य म्हणजे बघण्याची बरीचशी ठिकाणं नैर्ऋत्येला आहेत. तिथे जायला ग्रां बेपासून रोज राजधानी पोर्ट लुईची कोंडी ओलांडावी लागते, इथून नाही. ग्रां बेला संध्याकाळी गजबज जास्त, पण सत्तरीच्या माणसांना तिचं काय? विमानतळ बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. तिथून फ्लिक आँ फ्लाक तासाभरावर, ग्रां बे त्याहून लांब.

एक सावधगिरी. ल मॉर्नही नकाशावर पश्चिमेलाच दिसतं आणि तिथली हॉटेलं देखणी आहेत. पण बेटाच्या त्या टोकाला वळसा घालून वारा येतोच. जगभरचे काइटसर्फर, म्हणजे पतंगाच्या जोरावर लाटांवर घसरणारे, तिथे उगाच जात नाहीत. दिवसभर फिरायला जा, मुक्काम नको. आणि दोन ठिकाणी मुक्काम विभागायचा मोहही टाळा. ज्येष्ठांना बॅगा बांधण्यातच अर्धा दिवस जातो.

नावांचं एक सांगून ठेवतो. ती फ्रेंच पद्धतीने लिहितात आणि निम्मी अक्षरं बोलत नाहीत. इंग्रजी अक्षरं वाचून "ट्रॉ ऑक्स बिचेस" म्हणालात तर टॅक्सीवाला सज्जनपणे हसेल आणि विचारेल, कुठे?

दिवस लहान असतो हे आधीच लक्षात घ्या. जुलैत सूर्य सहाच्या आत मावळतो आणि विषुववृत्तीय पट्ट्यातल्यासारखा पटकन अंधार पडतो. आपल्याकडचे लोक साडेदहाला निवांत निघतात, दोनला जेवतात आणि चारला धबधब्यावर पोचतात. तिथे ते चालत नाही. आठला निघा, चारपर्यंत परत या, शेवटचा तास किनाऱ्यावर. सूर्यास्त तुमच्या समोरच असेल, पश्चिमेला राहण्याचा तोही फायदा. दुकानंही लवकर मिटतात, रविवारी दुपारनंतर बऱ्याच ठिकाणी शुकशुकाट असतो.

समुद्राबद्दल थोडं सविस्तर, कारण मुलगी आठ वर्षांची आहे. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. भिंतीला जिथे खिंड आहे तिथे मात्र आतलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून "इथे पाणी गर्द निळं दिसतंय, तिकडे जाऊ" असं करायचं नाही. दक्षिणेला ग्री ग्रीजवळ भिंतच तुटलेली आहे. तिथला समुद्र कड्यावरून बघायचा, पायसुद्धा बुडवायचा नाही. पाण्यात उतरताना पाचही जणांच्या पायात रबरी तळव्याचे बूट हवेत. काळे समुद्री अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे प्राणी, सगळीकडे असतात, आणि दगडमासा नावाचा एक मासा हुबेहूब दगडासारखा पडून असतो. त्याच्या पाठीचे काटे विषारी. टोचलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. सतरा वर्षांत माझ्या गटात एकदाही असं झालं नाही, पण बुटांशिवाय मी कोणाला उतरूही दिलेलं नाही. पाण्याचं तापमान जुलैत बावीस-तेवीस अंश असतं. मुलीला चालेल, फक्त अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा वेश घ्या, गारव्यालाही आणि उन्हालाही. थंड वाऱ्यात ऊन लागत नाही असं वाटतं आणि संध्याकाळी खांदे सोललेले असतात.

शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून आणणं बेकायदा आहे, मुलीला आधीच सांगून ठेवा. हॉटेलने किनाऱ्यावर खुर्च्या मांडल्या तरी वाळू सार्वजनिकच असते, त्यामुळे कुठल्याही किनाऱ्यावरून चालत जायला संकोच नको. डॉल्फिन दाखवणाऱ्या पहाटेच्या बोटी तामारँच्या उपसागरात जातात. मी तिथे नेणं बंद केलं. पंधरा-वीस बोटी चार डॉल्फिनांना घेरतात आणि माणसं त्यांच्या अंगावर उड्या मारतात, ते बघवत नाही. त्याऐवजी एक दिवस ब्ल्यू बे. हे संरक्षित सागरी उद्यान आहे आणि काचेच्या तळाच्या बोटीतून सासऱ्यांना न भिजता प्रवाळ बघता येईल. जागा आग्नेयेला, म्हणजे वाऱ्याच्या बाजूला, म्हणून सकाळी लवकर आणि वारा कमी असलेल्या दिवशी. प्रवाळ जाहिरातीतल्यासारखं रंगीत नाही, समुद्र तापल्याने बरंच पांढरं पडलंय, हेही सांगून न्या.

ईल ओ सर्फबद्दल सगळे विचारतात. छोटं बेट, पूर्वेला, स्पीडबोटीने जायचं. जुलैत ती बोट भिजवते आणि आपटते. सासऱ्यांच्या कमरेचा विचार करता मी गाळलं असतं. आणि तो "समुद्राखालचा धबधबा"? ल मॉर्नजवळ वाळू आणि गाळ उतारावरून खोल पाण्यात सरकतात, त्याचा वरून दिसणारा दृष्टिभ्रम आहे. हेलिकॉप्टरमधूनच दिसतो. किनाऱ्यावर उभं राहून शोधणारी माणसं मी दरवर्षी बघतो.

आता गाडी. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, महामार्ग उत्तम आहे, म्हणून मोह होतो. पण गावांतले रस्ते अरुंद असतात, कडेला उघडं खोल गटार असतं आणि जुलैत उसाची तोडणी चालू असते. उभ्या उसामुळे वळणापलीकडचं दिसत नाही आणि समोरून उसाने भरलेला ट्रक येतो. तुम्ही पाच जण, बॅगा वेगळ्या. माझा सल्ला : चार दिवस चालकासह व्हॅन, बाकीचे दिवस गावातच किंवा एखाद-दुसरी टॅक्सी. टॅक्सीत मीटर असला तरी त्यावर जाऊ नका, बसण्याआधी रक्कम ठरवा, ती एका बाजूची की जाऊन-येऊन तेही. दिवसभराची गाडी ठरवताना मार्ग कागदावर लिहून द्या आणि "खरेदी नाही" असं स्पष्ट सांगा. नाहीतर लाकडी जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना आणि करमुक्त दागिन्यांचं दुकान यांत तुमची सकाळ जाईल. चालकाला तिथे कमिशन असतं. माणूस वाईट नसतो, पद्धतच तशी आहे.

त्या चार दिवसांपैकी सगळ्यात भरगच्च दिवस नैर्ऋत्येचा. सकाळी शामारेल : सात रंगांची माती, तिच्या आधी लागणारा उंच धबधबा. माती सकाळी बघावी, सूर्य डोक्यावर आला की रंग फिके पडतात. तिथून ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानातला दरीचा देखावा, रस्त्यालगतच आहे, चढायचं काही नाही. मग ग्रां बासँ, म्हणजे गंगा तलाव. विवरातलं तळं, काठावर देवळं आणि ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक कावडी घेऊन चालत इथे येतात. एरवी शांत असतं. सासूबाईंना इथून लवकर हलवू नका. फक्त दोन गोष्टी : इथे धुकं आणि बोचरी थंडी असते, स्वेटर हातात हवा, बॅगेच्या तळाशी नव्हे. आणि माकडं प्रसाद हातातून हिसकावतात.

दुसरा दिवस पोर्ट लुई आणि उत्तर. आप्रवासी घाट चुकवू नका. गुलामगिरी १८३५ मध्ये संपली आणि त्याच सुमाराला उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर आणणं सुरू झालं. १८४९ पासून ते याच धक्क्यावर उतरत. सगळे मिळून जवळपास पाच लाख. त्यातले अनेक पुढे दुसरीकडे गेले, बरेच इथेच राहिले. जागा लहान आहे, दगडी पायऱ्या सोळाच, पण आत नोंदी आणि फोटो आहेत. २००६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. रविवारी बंद असते. जवळच ब्ल्यू पेनी संग्रहालयात १८४७ ची मॉरिशसची पहिली टपाल तिकिटं आहेत. रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर दर तासाला काही मिनिटंच दिवा लावतात, त्यामुळे तिकीट काढतानाच वेळ विचारा. दुपारी पाम्पलमूसची बाग. परातीएवढ्या पानांची कमळं मुलीला आवडतील, आणि तालिपोट ताड आजोबांना : आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग मरतो. राजधानीत गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून व्हॅन नसेल त्या दिवशी कात्र बोर्न शहरापर्यंत टॅक्सी आणि पुढे मेट्रो हा पर्याय सोपा. ती पोर्ट लुई ते क्यूर्पीप धावते.

आबाळ? उलट. बेटाचं राष्ट्रीय खाणं म्हणावं असं जे आहे ते दालपुरीच. शिजवून वाटलेल्या पिवळ्या डाळीचं सारण भरलेली पातळ मऊ पोळी, आत घेवड्याची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय, चटणी. नेहमी जोडीने मिळते. "एक" मागितलीत तरी दोन येतात. आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण. गातो पिमाँ म्हणजे मिरचीचा डाळवडा. ही दोन्ही रस्त्याच्या कडेला मिळतात आणि हॉटेलातल्या "इंडियन नाइट"पेक्षा कितीतरी बरी असतात. सावध राहायचं ते परतलेल्या नूडल्स आणि भाताबाबत : मटण नाही म्हणालात तरी अंडं किंवा माशाचा सॉस असतो. क्रेओल या तिथल्या बोलीभाषेतलं एक वाक्य पाठ करा : "सान लाव्हियान, सान प्वासोन, सान दिझेफ." मांस नको, मासे नकोत, अंडं नको. सुरुवातीला "बोन्झूर" आणि शेवटी "मेर्सी" म्हणायला विसरू नका. तिथे सरळ मागणीपासून बोलणं सुरू करणं उद्धट समजतात. हॉटेल निवडताना तीनही जेवणांचं पॅकेज घेऊ नका, नाश्ता आणि रात्रीचं जेवण पुरे.

तुम्ही मराठी आहात हे कळलं की कोणीतरी "आम्हीपण मराठी" म्हणेल. खरंच असतात. कोकणातून गेलेल्यांचे वंशज आहेत, गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पण घरची भाषा क्रेओल. मराठी थांबत थांबत बोलतील, कदाचित बोलणारही नाहीत. त्यांची परीक्षा घेऊ नका आणि "तुम्ही आमचेच" हे तर मुळीच म्हणू नका. ते मॉरिशसचे आहेत, पाच-सहा पिढ्यांपासून.

पैशांचं. तिथलं चलनही रुपया, आणि इथेच लोक फसतात. मॉरिशसचा एक रुपया म्हणजे आपले साधारण दोन. फलकावर ४०० दिसले की मनात ८०० वाचा. रोख थोडी विमानतळावरच्या बँकेच्या खिडकीवर बदलून घ्या. २०२४ च्या फेब्रुवारीपासून यूपीआय आणि रुपे तिथे सुरू झालंय, पण दालपुरीच्या गाडीवर त्याच्या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर २०२५ पासून बारा वर्षांखालची मुलं सोडून पर्यटकांकडून दरडोई दर रात्री ३ युरो शुल्क घेतात. हॉटेलच्या दरात ते धरलंय का, विचारा.

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर मोफत शिक्का मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचं आरक्षण छापून जवळ ठेवा, विचारतात. येण्याआधी एक डिजिटल प्रवास अर्ज भरायचा असतो, तोही फुकट; पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. ई-सिगारेट नेऊ नका, बंदी आहे. सासू-सासऱ्यांच्या औषधांचं मात्र मनावर घ्या : झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या आणि तीव्र वेदनाशामकं यांबद्दल तिथले नियम फार कडक आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी पुरेलच असं नाही, काहींना आधी परवानगी लागते. गोळ्यांची नावं लिहून वेळेत चौकशी करा आणि सगळं मूळ पाकिटातच न्या. आंबे, रोपं, बिया हेही घरीच. प्लगसाठी इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर घ्या. डासांची क्रीम बॅगेत असू द्या. हिवाळ्यात डास कमी असतात, पण डेंग्यू आणि चिकनगुनिया तिथेही होतात. रुग्णवाहिकेचा नंबर ११४, पोलीस ९९९.

परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर शेवटचा दिवस वाया घालवू नका. खोली सोडून बॅगा व्हॅनमध्ये टाका आणि माएबूरला जा, विमानतळ तिथून जवळ. सोमवार असेल तर मोठा बाजार भरतो. समोरच ईल ओ एग्रेत हे चिमुकलं बेट आहे, तिथे मूळचं जंगल पुन्हा उभं करताहेत. वाटाड्याबरोबर सपाट वाटेने दीड-दोन तास चालायचं, महाकाय कासवं मोकळी फिरत असतात आणि नशीब असलं तर गुलाबी कबूतर दिसतं. १९९० च्या सुमाराला जंगलात ही कबुतरं जेमतेम दहा उरली होती. सासऱ्यांना चालणं झेपत नसेल तर तुम्ही तिघं जा, ते दोघं बाजारात बसतील. बोटीची वेळ आधी नोंदवावी लागते.

आणि पूर्वेचं आरक्षण आधीच केलं असेल, तर पैसे न कापता रद्द करायची शेवटची तारीख कोणती आहे ते आज रात्रीच बघा. निम्म्या दराच्या खोल्यांना बहुतेक वेळा ती तारीखच नसते.